परराष्ट्रमंत्र्यांच्या भेटीची बातमी नीट वाचायची कशी

परराष्ट्रमंत्री कुठे गेले, कोणाशी हात मिळवला, आणि खाली 'सडेतोड उत्तर' वाली रील, बहुतेकांचं एवढ्यावरच भागतं आणि मग कमेंटमध्ये भांडणं सुरू. पण या माणसाचं खरं काम कागदावर दिसतं, आणि ते आपल्यालाही वाचता येतं.

आधी पदं नीट लक्षात घ्या. मंत्री संसदेला उत्तर देतो, परराष्ट्र सचिव हा खात्यातला सगळ्यात वरचा अधिकारी. जयशंकर २०१५ ते २०१८ सचिव होते आणि २०१९ पासून मंत्री, म्हणून लोकांचा घोळ होतो. आणि मोठ्या निर्णयात पंतप्रधान असतातच, नेहरूंनी तर हे खातं शेवटपर्यंत स्वतःकडेच ठेवलं. आपले यशवंतराव १९७४ ला या खात्यात गेले तेव्हा वर इंदिराबाई होत्या, हे धरूनच त्यांचं काम बघायला हवं.

आता मुख्य गोष्ट. भेट किंवा फोन झाला की दोन्ही देश आपापलं निवेदन काढतात, ती दोन्ही उघडा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. लडाखमधल्या गलवानला भारत-चीन सैनिकांची चकमक झाली, त्यानंतर १७ जून २०२० ला जयशंकर आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी फोनवर बोलले. आपलं निवेदन म्हणालं की चीनने आधीच ठरवून हे केलं आणि हिंसाचाराला तेच जबाबदार, चीनचं म्हणालं की दोष भारताचा, जबाबदार लोकांना शिक्षा करा. फोन एकच हां! पण लष्करी अधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरलेलं पाळायचं हे दोन्हीकडे होतं. जे दोन्हीकडे सापडतं तेवढंच ठरलंय असं धरायचं, बाकीचं आपापल्या देशातल्या लोकांसाठी असतं.

मग काय लिहिलं नाही ते शोधा, माझ्या मते हीच सगळ्यात कामाची सवय. त्याच वर्षी १० सप्टेंबरला मॉस्कोत दोघांनी पाच मुद्द्यांचं संयुक्त निवेदन काढलं, त्यात सैन्य लवकर मागे घ्या, अंतर ठेवा वगैरे सगळं होतं, पण तणाव सुरू होण्याआधीची, एप्रिलमधली सीमेवरची स्थिती परत आणायची यावर एक शब्द नव्हता. सीमेवरच्या गस्तीबद्दलचा समझोता यायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं, तेव्हा निवेदन आलं म्हणजे प्रश्न मिटला असं लगेच समजू नका.

संयुक्त राष्ट्रांत भारत तटस्थ राहिला की मतदानाचं स्पष्टीकरण, म्हणजे अशी भूमिका का घेतली ते सांगणारं निवेदन वाचा, युक्रेनवर २५ फेब्रुवारी २०२२ ला दिलेलं बघा, बाजू न घेताही बरंच बोललेलं आहे. यातलं आपल्या बाजूचं बरंचसं खात्याच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, अधिवेशनात खासदारांना दिलेली लेखी उत्तरंसुद्धा.