कुत्र्याची फटाक्यांची भीती घालवताना या चुका टाळा

पहिल्या दिवाळीनंतर आमच्या खंड्याला नुसती काडेपेटी पुरायची. देवघरात काडी ओढली की स्वारी पलंगाखाली. काडीने त्याचं काही वाकडं केलं नव्हतं, पण काडीमागून सुतळी बॉम्ब येतो हे त्याने चार दिवसांत टिपलं होतं. रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या कुत्र्यांना मेट्रोनोमच्या (ठेका धरणाऱ्या यंत्राच्या) टकटकीनंतर खाणं मिळायचं, मग नुसत्या टकटकीनेही लाळ सुटायची. इथे लाळेऐवजी थरथर, एवढाच फरक.

यावर उपाय म्हणून फटाक्यांचं रेकॉर्डिंग लावून चिकन देतात. उपाय चांगलाच आहे. मी तो महिनाभर उलटा केला.

मी आधी चिकनचा डबा उघडायचो आणि तो खायला लागला की आवाज लावायचो. खाण्यात रमला की कळणार नाही, असा हिशेब. झालं भलतंच: झाकण वाजलं की तो कान पाडून दाराकडे सरकू लागला. डबाच आता फटाक्याची वर्दी देत होता! आधी आवाज, मग एक-दोन सेकंदांत चिकन, हा क्रम पाळा. आवाज थांबला की चिकनही थांबवा. आणि तेच चिकन दिवसभर येताजाता देऊ नका. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी 1968 मध्ये उंदरांवर दाखवलं, की खुणेशिवायही (आपली खूण म्हणजे आवाज) तीच गोष्ट तितकीच घडत असेल, तर खुणेला किंमत राहत नाही.

‘होईल सवय’ म्हणत त्याला गच्चीवर नेणं तर सोडाच. कान हलावा पण तोंड चालू राहावं, इतकाच आवाज ठेवा. आवडता तुकडाही नाकारला, तर आवाज जास्त झाला. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये पीटर नावाच्या छोट्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली: पीटर खात असताना ससा लांब, मग हळूहळू जवळ.

घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाडावतो म्हणतात. भीती हा काही हट्ट नाही, खुशाल घ्या.

आठवडाभर शांत राहून एके दिवशी तो पुन्हा थरथरेल. मोडलेली सवय विश्रांतीनंतर डोकं वर काढते, हे पावलोवनेच नोंदवलंय. आवाज दोन पायऱ्या कमी करून पुन्हा चढा.

सुरुवात गणपतीच्याही आधी करा, कारण विसर्जनालाही फटाके असतातच. त्यातूनही फार घाबरत असेल, तर दिवाळीच्या बऱ्याच आधी डॉक्टरांना औषधाबद्दल विचारा.

काडेपेटीचा सराव मी वेगळा घेतला. हल्ली संध्याकाळी दिवा लावायला गेलो की खंड्या देवघराच्या दारात, शेपटी हलवत.