सर्फबोर्ड घडवताना जुन्या कल्पना उचलताय? या चुका टाळा

पहिलाच बोर्ड घडवणारा माणूस सहसा एक फोटो समोर ठेवून बसतो. फोटोतल्या बोर्डावर कुणीतरी अफलातून लाट घेतलेली असते आणि तोच आकार फोमवर उतरवायचा घाट घातला जातो. बोर्ड तयार होतो, पाण्यात उतरतो आणि अजिबात ऐकत नाही. दोष बहुतेक वेळा हाताच्या सफाईत नसतोच. तो आकार ज्या अडचणीवर तोडगा म्हणून निघाला, ती अडचण आपली नसते.

टेल घसरते म्हणून मोठा फिन लावणे

वळताना टेल (बोर्डाचं मागचं टोक) निसटली की सगळं खापर फिनवर (तळाला बसवलेल्या पंखासारख्या पातीवर) फुटतं. पण फिन रुळायच्या आधीपासून ही तक्रार होती. हवाईतले रुंद टेलचे लाकडी बोर्ड उभ्या लाटेवर आडवे घसरायचे. 1937 मध्ये जॉन केली हा सर्फर आणि त्याच्या मित्रांनी सरळ कुऱ्हाड घेतली, टेल निमुळती केली आणि मागचा तळ व्ही आकाराचा केला. बोर्ड लाटेला धरून राहू लागला. या बोर्डांना पुढे ‘हॉट कर्ल’ म्हणू लागले. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1935 मध्ये, टॉम ब्लेक या सर्फरने एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीची तळपट्टी आपल्या बोर्डाखाली बसवली होती. तो पहिला फिन.

म्हणजे पकड दोन ठिकाणांहून येते: टेलच्या आकारातून आणि फिनमधून. टेल भरपूर रुंद ठेवून फक्त फिन वाढवला तर बोर्ड सरळ पळेल, पण वळवताना जीव काढेल. आधी टेलच्या टोकापासून 12 इंच पुढे रुंदी मोजा. मग मागच्या रेलची (बोर्डाच्या बाजूच्या काठाची) खालची कडा बोटाने तपासा. ती गोल राहिली असेल तर पाणी सुटून न जाता रेलला चिकटून वर चढतं आणि बोर्ड ओढल्यासारखा चालतो. फिनचा विचार त्यानंतर.

तीन फिनच्या बोर्डात गडबड वेगळी असते. मार्क रिचर्ड्सने 1979 ते 1982 अशी सलग चार जागतिक विजेतेपदं दोन फिनच्या बोर्डांवर मिळवली, पण धिप्पाड सायमन अँडरसनला तसले बोर्ड मोठ्या लाटेत आवरेनात. म्हणून त्याने मागे मधोमध तिसरा फिन बसवला आणि 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत स्पर्धा जिंकली. हा ‘थ्रस्टर’ आज सगळीकडे दिसतो, तरी बाजूचे फिन मधल्याशी समांतर लावणारे भेटतातच. बाजूच्या फिनची पुढची टोकं किंचित आत, नोजच्या (बोर्डाच्या पुढच्या टोकाच्या) दिशेला वळलेली हवीत आणि सपाट बाजू आतल्या अंगाला. डावा-उजवा फिन उलटसुलट बसणं हा विनोद वाटतो, पण हसू नका, होतं असं.

नोज बुडतं म्हणून रॉकर (तळाचा लांबीतला वाक) वाढवत जाणे

1990 च्या दशकातले स्पर्धेचे बोर्ड अरुंद, पातळ आणि केळ्यासारखे वाकलेले होते. उभ्या, ताकदवान लाटेवर चपळ पायांखाली ते शोभले. मऊ लाटेवर तोच बोर्ड पाणी पुढे ढकलत बसतो. त्याच्या कितीतरी आधी, 1940 च्या दशकात, बोर्ड घडवणाऱ्या बॉब सिमन्सने वेगवान बोटींच्या तळाचा अभ्यास बोर्डांवर उतरवून रुंद, सपाट तळाचा वेग दाखवून दिला होता. माझ्या मते साध्या लाटांसाठी तोच धडा जास्त उपयोगी आहे.

नोज बुडत असेल तर आधी स्वतः थोडं मागे सरकून बघा. तरीही बुडलं तर तळावर लांब सरळ पट्टी ठेवा. वाक एकसारखा हवा. एखाद्या जागी कोन पडला असेल तर खरी खोट तिथे आहे.

बोर्डाच्या घनफळाचा लिटरमधला आकडा बघून निश्चिंत होणं हीदेखील चूक. फोम छातीखाली आहे की टेलमध्ये, हे तो आकडा सांगत नाही.

रंधा मारताना

पॉलियुरेथेनचा ब्लँक (ज्यातून बोर्ड घडवतात तो फोमचा कच्चा ठोकळा) वरच्या थरात कडक आणि आत मऊ असतो. जाडी कमी करायची तर जास्तीत जास्त खालून काढा. वरून खोल गेलात तर उभं राहिल्यावर टाचांचे खड्डे पडणार. दिवे छताला न लावता दोन्ही भिंतींवर कंबरेच्या उंचीला लावा, म्हणजे सावलीत उंचवटे दिसतात. मधली लाकडी पट्टी सँडपेपरने फोमइतकी झिजत नाही आणि वर उठून राहते. तिला छोटा रंधाच हवा.

रेझिनची अदलाबदल

ही चूक सगळ्यात महाग पडते. 1958 च्या सुमाराला होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड रुळवले. त्यावर पॉलिएस्टर रेझिन (फोमवर कडक कवच बनवणारा द्रव) छान बसतं. डिसेंबर 2005 मध्ये क्लार्क फोम हा ब्लँकचा सगळ्यात मोठा कारखाना अचानक बंद झाला आणि ईपीएस (थर्मोकोलच्या जातीच्या) फोमकडे ओढा वाढला. ईपीएसवर पॉलिएस्टर ओतलंत तर त्यातलं स्टायरीन फोम खाऊन टाकतं. तिथे इपॉक्सी रेझिनच लागतं.

पण पॉलिएस्टरची सवय इथेही नडते. त्यात हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) थोडा कमी-जास्त करून वेळ सांभाळता येतो. इपॉक्सीत प्रमाण ठरलेलं असतं. हार्डनर वाढवल्याने ते लवकर सुकत नाही, चिकट राहतं. शिवाय तापमान वाढत असताना थर दिला तर ईपीएसमधली हवा फुगून बुडबुडे काढते, म्हणून पारा उतरणीला लागल्यावर काम करा.

दुरुस्तीत फोम कोणता हे कळत नसेल तर इपॉक्सी वापरा, ते दोन्हींवर चालतं. मात्र भोक बुजवायच्या आधी बोर्ड असा ठेवा की फुटलेली जागा सगळ्यात खाली येईल, आणि ठिबकणं थांबल्यावरही काही दिवस सावलीत सुकू द्या. ओला फोम आत कोंडला तर पुढच्याच कडक उन्हात त्यावरचा थर फुगून सुटतो.