धार लावताना या चुका टाळा: छाटणीची कात्री, कोयता आणि घरची सुरी

सप्टेंबर उजाडला की तासगाव-पलूस-मिरज पट्ट्यात द्राक्षबागांच्या फळछाटणीची गडबड सुरू होते आणि माझ्या दुकानात कात्र्यांचा ढीग पडतो. त्यातल्या कितीतरी कात्र्या वापरून बोथट झालेल्या नसतातच. कुणीतरी घरी 'धार लावून' त्यांची वाट लावलेली असते. बोथट कात्री चहा येईपर्यंत तयार होते. बिघडवलेल्या कात्रीला मात्र वेळ जातो आणि पात्याचं पोलादही जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ग्राइंडर. बाकड्यावरचा साधा ग्राइंडर मिनिटाला 2,800 च्या आसपास फेरे मारतो. पात्याची कड पातळ असते, ती बघता बघता तापते. पोलाद तापलं की रंग बदलतं: 220-230 अंशांना फिकट पिवळं, 280 ला जांभळं, 300 च्या पुढेमागे निळं. कडेवर निळी झाक आली की पात्याचं पाणी उतरलं समजा. ती झाक घासून काढता येते, कड मऊ झाली ती मऊच राहते. गंमत अशी की धार झकास लागते. अंगठ्याला झोंबते, मालक खूश होतो. मग दोन-चार ओळी छाटून होईपर्यंत कात्री पुन्हा बोथट, आणि शिव्या कंपनीला. मी ग्राइंडर फक्त पात्याला मोठी खाच पडली असेल तरच चालू करतो. डोळ्यांवर चष्मा लावतो, पातं उघड्या बोटांनी धरतो आणि चटका बसायच्या आत पाण्यात बुडवतो. बाकी सगळं दगडावर, हातानं. "अण्णा, मशीनवर लवकर होईल की" म्हणणाऱ्याला मी दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो.

दुसरी चूक मला जास्त छळते: कात्रीच्या सपाट बाजूला धार लावणं. छाटणीच्या कात्रीचं कापणारं पातं एकाच बाजूनं उतरतं असतं. आतली बाजू सपाट असते आणि समोरच्या आकड्याला, म्हणजे वाकड्या जबड्याला, घासून जाते. काडी त्या घासण्यातच कापली जाते. आतल्या बाजूला उतार दिला की मध्ये फट पडते.

सावळजकडच्या एका बागेत हेच झालं. दुसऱ्या दिवशी मजुरांची टोळी येणार म्हणून मालकाच्या पोरानं मोबाइलवर व्हिडिओ बघून रात्रीत सगळ्या कात्र्यांना दोन्ही बाजूंनी धार लावली. सकाळी काड्या कापायच्या ऐवजी चिरडायला लागल्या. साल फटीत अडकून सोलपटं निघायला लागली. मुकादम म्हणाला, "मालक, ही कात्री हाय का सांडशी?" मालक पोतं घेऊन दुकानात, टोळी बांधावर बसून, आणि मजुरीचं मीटर चालू. बरं, चिरडलेली काडी नुसती वाईट दिसत नाही. ती वरून वाळत खाली डोळ्याकडे येते, आणि पुढची फूट त्याच डोळ्यातून घ्यायची असते. बऱ्याचशा कात्र्या मी नट काढून, आतली बाजू जाड दगडावर सपाट टेकवून घासली तेव्हा ताळ्यावर आल्या. काहींची पाती बदलावीच लागली. पोरगं शेवटपर्यंत म्हणत होतं, व्हिडिओत दोन्ही बाजूंनी घासत होते. घासत होते खरं, पण तो स्वयंपाकघरातला चाकू होता.

उताराचा कोन कळत नसेल तर उतारावर स्केचपेनचा रंग फासा आणि दगड एकदाच फिरवा. रंग फक्त काठावर गेला तर पातं जास्त उभं धरलंय, फक्त मागे गेला तर जास्त आडवं. रंग सगळीकडून सारखा निघेपर्यंत कोन जुळवत राहा. मी अजूनही नवीन बनावटीची कात्री आली की हेच करतो.

धार लावल्यावर मागच्या बाजूला तारेसारखी बारीक कड वळते. ती बोटाला लागते म्हणून लोकांना वाटतं काम झालं. ती काढली नाही तर पहिल्याच काडीला दुमडते. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एक-दोनदा हलकेच ओढा, बस्स.

कानस पुढे जातानाच कापते, मागे आणताना उचला. तेल प्यालेल्या दगडावर पाणी ओतू नका. दगड मध्ये खोलगट झाला असेल तर फरशीवर वाळू-पाणी टाकून आधी तो सपाट करा. दातेरी विळा दगडावर घासू नका, दात जातात.

कोयत्याला सुरीची धार लावणारे हौशी दर गळीत हंगामात भेटतात. घरच्या सुरीला प्रत्येक बाजूनं 15-20 अंशांचा कोन ठीक. कोयता उसाच्या बुडख्याला, जमिनीलगत चालतो, खड्याला लागतो. त्याला 25-30 अंश ठेवा, नाहीतर कड तुटून करवतीसारखी होते. आणि कड झिजून जाड झाली असेल तर घासत बसू नका, लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून कड पातळ करून, आणा.

घरच्या सुरीसाठी चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते. या एका शॉर्टकटला माझी हरकत नाही.

काम झालं की पातं पुसून शिलाई मशीनचं तेल लावा. खोबरेल लावू नका. थंडीत थिजतं, मग स्प्रिंग जाम होते आणि लोक बिजागरीवर हातोडी मारतात. आणि कृपा करून कात्र्या घरी खोलून, नट-स्प्रिंगा एकाच पिशवीत घालून आणू नका. कुठल्या कात्रीचं काय ते शोधण्यातच माझी सकाळ जाते, आणि त्याचे पैसे मी वेगळे लावतो.