गोव्यातल्या घरात मॉनिटर लावताना या चुका टाळा

मृग लागला की माझा फोन जास्त वाजतो. धंदा माझा डीटीपीचा. म्हापशात बसून लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, आरतीसंग्रहांची पानं लावतो. पण २२ वर्षं स्क्रीनसमोर काढल्यामुळे ओळखीपाळखीच्यांनी मला परस्पर कॉम्प्युटरचा डॉक्टर करून टाकलंय. "स्क्रीन एकदम पिवळी पडली रे." "आतून मुंगी चालतेय." "सीपीयूला पाय लागला की झिणझिण्या येतात." आणि सगळ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: नवा मॉनिटर कुठला घेऊ?

जाऊन बघावं तर बहुतेक वेळा मॉनिटर ठणठणीत असतो. दुखणं असतं भिंतीतल्या सॉकेटात, खिडकीतून येणाऱ्या हवेत, नाहीतर टेबल मांडण्यात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी हे वाचा.

तिसरी पिन उगाच दिलेली नाही

सगळ्यात जास्त नुकसान मी या एका चुकीतून बघितलंय, म्हणून इथे जरा रेंगाळतो. जुन्या घरांत अजून दोन भोकांचे सॉकेट आहेत. मॉनिटरची वायर तीन पिनांची. मग कोणी टू-पिनचा कन्व्हर्टर लावतो, कोणी पक्कड घेऊन जाडी पिन कापूनच टाकतो. मॉनिटर चालू होतो, चित्र छान येतं, आणि सगळे खूश.

झिणझिण्या तिथूनच सुरू होतात. सीपीयूच्या आणि बऱ्याच मॉनिटरांच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या कवचाकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला गोंगाट गाळणं हे त्यांचं काम. त्यातून थोडी वीज कवचाकडे झिरपते आणि अर्थिंग, म्हणजे त्या जाड्या तिसऱ्या पिनेतून जमिनीकडे जाणारी वाट, असेल तर मुकाट जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर तिला वाट उरत नाही आणि ते कवच २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहतं. प्रवाह अगदी बारीक असल्यामुळे माणूस चिकटत नाही, नुसतं हुळहुळतं. टेस्टर लावला तर तोही मिणमिणतो. "एवढं काय, थोडा करंट मारतो" म्हणून लोक रबरी चपला घालून कामाला बसतात! पण उद्या खरोखर एखादी वायर आत सुटून कवचाला टेकली, तर झटकासुद्धा पहिल्यांदा हुळहुळल्यासारखाच वाटेल असं नाही.

माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात, पण एचडीएमआयच्या पोर्टाला तेवढं पुरतं. एकदा मी स्वतः चालू मॉनिटरला चालू सीपीयू जोडायला गेलो. दोघांचे सॉकेट वेगळे, अर्थिंग दोन्हीकडे नाही. टोक भिडता भिडता निळी ठिणगी उडाली. मॉनिटर वाचला, पण सीपीयूचा तो पोर्ट कायमचा गेला. तेव्हापासून माझा नियम असा: केबल जोडायची किंवा काढायची असेल तर दोन्हीकडची बटणं आधी भिंतीवर बंद. आणि मॉनिटर, सीपीयू, प्रिंटर हे सगळे एकाच अर्थ असलेल्या बोर्डावर.

अर्थिंग आहे असं समजून चालू नका. आपली जमीन चिऱ्याची. पावसाळ्यात ओलसर असते तोवर अर्थिंगचा खड्डा नीट काम करतो, पण एप्रिल-मेमध्ये तो खडखडीत कोरडा पडतो आणि तीच अर्थिंग कागदावरची उरते. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायची जुनी सवय वेडेपणाची नव्हती. परवाना असलेल्या वायरमनला बोलावून मीटरने तपासून घ्या. फेज-न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट दिसतात, जवळपास तेवढेच फेज-अर्थमध्ये दिसायला हवेत.

एक गोष्ट मात्र कोणालाही करू देऊ नका. "अर्थिंग नाही ना, मग अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून देतो" असं म्हणणारे हुशार लोक भेटतात. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर तुमच्या सीपीयूच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येऊन बसतात. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच, नसेल, तर नव्या मॉनिटरच्या आधी तो घ्या.

वीज कडाडली की बटण पुरत नाही

आपल्याकडे जूनच्या आधीची वळवाची गडगडाट आणि ऑक्टोबरमधली परतीची, हे दोन काळ यंत्रांना वाईट. आपण धावत जाऊन बटण बंद करतो आणि निश्चिंत होतो. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेल्याच राहतात. विजेने आकाशातून एवढं अंतर कापलंय, बटणातली ती काही मिलिमीटरची फट तिला काय अडवणार! पिनच उपसून ठेवा. तीही पाऊस डोक्यावर यायच्या आधी. ऐन कडकडाटात सॉकेटात हात घालायला जाऊ नका.

स्पाइक गार्ड घेतलाय म्हणून निर्धास्त राहणारेही खूप. त्यातला मोव्ह नावाचा भाग जास्तीचा दाब अंगावर घेतो, पण प्रत्येक तडाख्यासरशी झिजतो. शिवाय फेज किंवा न्यूट्रलवरून जमिनीकडे वळवायचा दाब तो अर्थिंगशिवाय वळवणार कुठे? बाजारात स्पाइक गार्ड म्हणून मिळणाऱ्या कित्येक पट्ट्यांत तर मोव्हच नसतो, नुसतं एक्स्टेन्शन आणि लाल दिवा.

इंटरनेटची वायर लोक हमखास विसरतात. फायबरमधून वीज येत नाही, पण तांब्याच्या टेलिफोन लाइनमधून किंवा केबलवाल्याच्या जाड वायरमधून येते, आणि राऊटरमार्गे सीपीयूत शिरून एचडीएमआयमधून मॉनिटरपर्यंत पोचते. तीही काढा.

यूपीएस असेल तर मॉनिटर बॅटरीच्या सॉकेटात हवा. सीपीयू बॅटरीवर आणि मॉनिटर थेट भिंतीत असं मी अनेकदा पाहिलंय. लाईट गेली की सीपीयू चालूच, पण फाइल सेव्ह करायला दिसत काहीच नाही. साध्या २४ इंची एलईडी मॉनिटरला २०-३० वॅट पुरतात, यूपीएसला ते जड नाही. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका. त्यातला हीटर एका दमात यूपीएसला लोळवतो.

खारी हवा, ओल आणि मुंग्या

पिवळ्या स्क्रीनची गोष्ट. समुद्राजवळच्या एका वाड्यावरून काकींचा फोन आला की स्क्रीनला कावीळ झालीय. मॉनिटर जुना, मागे निळ्या टोकाची व्हीजीए केबल, आणि तिचे दोन स्क्रू कोणी कधी आवळलेलेच नाहीत. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा, निळा या तिघांना वेगवेगळी पिन असते. निळ्याची पिन गंजली किंवा सैल झाली की पांढरं पिवळं दिसतं, लाल गेला की निळसर-हिरवं, हिरवा गेला की जांभळट गुलाबी. केबल काढली, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या, पुन्हा बसवून स्क्रू आवळले, कावीळ गेली. काकींनी सोलकढी दिली, तेवढीच माझी फी. बंद मॉनिटरची केबल अधूनमधून काढून पुन्हा घट्ट बसवणं हा किनारपट्टीवरचा सर्वात स्वस्त उपाय आहे. डिस्प्लेपोर्टची केबल असेल तर काढताना वरची खिट्टी दाबा. ओढली तर पोर्टच हातात येतो.

पावसाळ्यात महिनाभर मॉनिटर बंद ठेवू नका. रोज अर्धा तास चालवला तर त्याच्या स्वतःच्या उबेने आतली ओल उडते. बऱ्याच मॉनिटरांच्या पुस्तिकेत हवेतल्या दमटपणाची मर्यादा ८० टक्के लिहिलेली असते, आणि जुलैत आपल्या पडवीत ती सहज ओलांडली जाते. काम संपल्या संपल्या गरम मॉनिटरवर प्लास्टिकचं कव्हर चढवणं तर ओल आत कोंडून घालण्यासारखं. सुती कापड टाका, तेही थंड झाल्यावर. एसी गाडीतून आणलेला नवा मॉनिटर घरात आणताच खोक्यातून काढून लावण्याची घाई नको. थंड काचेवर आणि आतल्या सर्किटवर दव धरतं. तास-दोन तास खोक्यातच राहू द्या.

मुंगी! पावसाळ्यात दिव्यावर येणारे बारीक किडे आणि मुंग्या कडेच्या फटीतून पॅनेलच्या थरांमध्ये शिरतात, कारण आत उजेड आणि ऊब दोन्ही असतात. आपण बोटाने दाबून मारतो, आणि ती मेलेली मुंगी अनुस्वारासारखी कायमची तिथेच राहते. माझ्या जुन्या मॉनिटरवर उजव्या कोपऱ्यात असा एक अनुस्वार होता. प्रूफ तपासताना तो मी दोनदा खोडायला गेलोय. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा, शेजारी टेबललॅम्प लावा. बहुतेक वेळा पाहुणी आली तशी निघून जाते. आणि टेबलावर चहा-बिस्किटांचा चुरा ठेवू नका.

अक्षरं भुरकट दिसतात?

घरातल्या मोठ्यांना अक्षरं बारीक वाटतात म्हणून कोणीतरी रिझोल्यूशन कमी करून ठेवतं. अक्षरं मोठी होतात पण पसरतात. इंग्रजी निदान वाचता येतं. देवनागरीत रफार, अनुस्वार, जोडाक्षरांचे पाय एकमेकांत मिसळून जातात. एलसीडीत ठिपके मोजून बसवलेले असतात, २४ इंचीत साधारण १९२० × १०८०. सेटिंगमध्ये "शिफारस केलेलं" रिझोल्यूशनच ठेवा आणि स्केल १२५ किंवा १५० टक्के करा.

टीव्हीचा मॉनिटर केलात आणि कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या मेनूत "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" असं काहीतरी सापडेल. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डातच लावा, वरच्या मदरबोर्डाच्या पोर्टात नाही. आणि लॅपटॉपचा प्रत्येक टाइप-सी पोर्ट चित्र पाठवत नाही. काही नुसते चार्जिंगचे आणि डेटाचे असतात. केबल विकत घेण्याआधी लॅपटॉपची माहिती वाचा.

खिडकी, चष्मा, मान

खिडकीकडे पाठ करून बसलात तर उजेड स्क्रीनवर चकाकतो. खिडकीकडे तोंड केलंत तर डोळे दिपतात. खिडकी बाजूला हवी. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन तिरपं घुसतं, तेव्हा साधा पडदासुद्धा पुरतो. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या या कामाला अप्रतिम होत्या, ऊन गाळून दुधासारखा उजेड आत सोडायच्या. आपण त्या काढून स्लायडिंग काचा बसवल्या आणि आता अँटिग्लेअर फिल्म विकत घेतो.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, मॉनिटर जरासा मागे कललेला. स्टँड बुटका असेल तर खाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा चालेल, पण हलता नको. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा लावणाऱ्यांना मात्र हा नियम उलटा पडतो. ते चष्म्याच्या खालच्या भागातून बघतात, म्हणून हनुवटी वर करून बसतात आणि संध्याकाळी मान धरते. त्यांनी मॉनिटर आणखी खाली घ्यावा.

पंखा तोंडावर घेऊन स्क्रीन बघत बसलं की डोळे कोरडे पडतात, कारण तेव्हा आपण पापण्या कमी मिटतो. दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघा; माड असला तर उत्तम. निळ्या प्रकाशाच्या चष्म्यावर पैसे घालायची गरज मला वाटत नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीसुद्धा त्यांची शिफारस करत नाही.

भिंत आणि फडकं

भिंतीवर टांगायचा असेल तर मागची चार भोकं मोजा, ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटर. स्क्रू बहुतेक एम४चे असतात. लांब स्क्रू आत पॅनेलपर्यंत घुसतो, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या लांबीचेच घ्या. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीत छोटे प्लास्टिकचे गट्टे दोन पावसाळ्यांत सैल होतात. भिंतीवर आधी जाड फळी मोठ्या अँकरने पक्की करा आणि तिच्यावर ब्रॅकेट लावा. पावसात जी भिंत घामेजते, ती तर नकोच.

पुसताना काचेचा स्प्रे, स्पिरिट, पेपर काही नको. अँटिग्लेअरचा थर जातो. मायक्रोफायबर फडकं किंचित ओलं करून, मॉनिटर बंद असताना. पाणी फडक्यावर, स्क्रीनवर नाही.

चित्रच येत नाही, तेव्हा

"नो सिग्नल" लिहून येतंय म्हणजे मॉनिटर जिवंत आहे. मेनूत इनपुट चुकीचा असेल किंवा केबल सैल असेल. काहीच येत नसेल, पण पॉवरचा दिवा लागलेला असेल, तर अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरपा मारा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, मागचा दिवा किंवा त्याचं सर्किट गेलंय, आणि ते दुरुस्त होऊ शकतं. दिवाही लागत नसेल आणि बाहेर ॲडॉप्टर असेल तर तो तपासा. बदली ॲडॉप्टरचे व्होल्ट आणि पिनेची प्लस-मायनस तंतोतंत तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा लावू नका.

त्यापुढे स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. आतल्या पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास साठलेले असतात, पिन काढल्यावरही काही वेळ. दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्याहून जास्त आला तर मी जुना सोडून देतो. पण भंगारवाल्याला देताना एवढं बघा: एलईडीच्या आधीच्या एलसीडी मॉनिटरांत मागच्या दिव्याच्या बारीक नळ्यांमध्ये पारा असतो, आणि भंगारवाला ते माडाखाली फोडायला बसतो. नवा घेताना दुकानदारालाच विचारा, जुना परत घेतोस का.