पुराआधी माळ्यावर सोलर चढवा
२०१९च्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या चिखलीत शिरली. आधी लाईट गेली, मग मोबाईल. शेजाऱ्यांचं सोलर ऑन-ग्रिड, म्हणजे विजेच्या लाईनला जोडलेलं. लाईन बंद की तेही बंद! म्हणून बॅटरीवालंच घ्या.

१०० वॅटचं पॅनेल, चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा), १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर थेट चालणारे डीसी बल्ब. बॅटरी जिन्याखाली नको, माळ्यावर. कंट्रोलरला आधी बॅटरीच्या वायरी, मग पॅनेलच्या, काढताना उलटं. बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज. मी आळस केला, वायर वितळली, आठवडाभर घरात तोच वास. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल साधारण १७ अंश. आभाळ भरलं की दोन बल्ब, चार मोबाईल, बास. टीव्हीचा हट्ट नको. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या बोर्डाला वायरमनच हात लावेल. तोवर माळ्यावरचा उजेड वापरा, चिखल काढा.