दोन देशांचे डोंगर मोजताय? या चुका टाळा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंचावर आहे. डेन्मार्कची सर्वांत उंच नैसर्गिक जागा जेमतेम १७१ मीटर. तरी सोलापुरातल्या सात रस्ता चौकात उभ्या माणसाला ‘डोंगरात राहतोस’ असं कुणी म्हणत नाही. पण कोणत्या देशाची किती जमीन डोंगराळ हे मोजणाऱ्या भूगोलाच्या प्रकल्पात ‘३०० मीटरच्या वर ते सगळं डोंगर’ अशी चाळणी लावली, की ज्वारीच्या रानांसकट अख्खा जिल्हा डोंगराळ ठरतो. नुसती उंची बघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या केंद्राने २००० मध्ये वापरलेली व्याख्या म्हणूनच चढउतारही विचारते. ३०० ते १००० मीटरच्या पट्ट्यात आसपासच्या ७ किलोमीटर त्रिज्येच्या टापूत किमान ३०० मीटरचा फरक हवा. १५०० ते २५०० मीटरमध्ये किमान २ अंश उतार हवा. २५०० च्या वर मात्र सरसकट डोंगर, मग ते तिबेटचं सपाट पठार का असेना! या हिशेबाने जगातली सुमारे २४ टक्के जमीन डोंगराळ भरते. फक्त खडबडीतपणा मोजणारी पद्धत १२ टक्क्यांच्या आसपास थांबते. एका देशाचा आकडा या यादीतून आणि दुसऱ्याचा त्या यादीतून उचलला, की तुलना तिथेच फसली.

चाळणी बरोबर बसली का, हे आधी घराजवळ तपासा. सोलापूर शहराचा परिसर कोरा राहिला पाहिजे, महाबळेश्वरचे कडे उठून दिसले पाहिजेत. बार्शीकडच्या बालाघाटच्या टेकड्यांवर वाद होईल, तो होऊ द्या.

आता क्यूजीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे मोजायचं मोफत सॉफ्टवेअर. उतार काढला आणि जिकडेतिकडे ८९ अंश आले? उंचीच्या डेटाच्या फाइलमधली जागा अक्षांश-रेखांशाच्या अंशांत आहे आणि उंची मीटरमध्ये. सॉफ्टवेअर दोन्हींना एकच एकक समजून बसलंय. फाइल मीटरच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत) बदलून मग उतार काढा. क्षेत्रफळासाठी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणारं, प्रक्षेपणच घ्या. नेपाळ आणि नॉर्वेचे पिक्सेल मोजून सरळ गुणाकार करणारे बरेच भेटतात, पण ६० अक्षांशावर रेखांशाच्या एका अंशाची रुंदी विषुववृत्तावरच्या निम्मीच असते. शिवाय फेब्रुवारी २००० मधल्या एसआरटीएम या अवकाशातून रडारने उंची मोजणाऱ्या मोहिमेचा डेटा ६० उत्तर अक्षांशापर्यंतच आहे. त्यापुढचा नॉर्वे कोरा, आणि कोरं म्हणजे शून्य धरलं की डोंगर गायब. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा (साधारण दर ३० मीटरला एक उंची देणारा) डेटा घ्या, दोन्ही देशांना तोच. एकाला ३० मीटरचा आणि दुसऱ्याला १ किलोमीटरचा वापरलात, तर दुसऱ्याचे उतार आपोआप बोथट होतात.

टक्के आणि चौरस किलोमीटरही एका रांगेत मांडू नका. भारताचा हिमालयी प्रदेश देशाच्या साधारण १६ टक्के, पण क्षेत्रफळात तो अख्ख्या नेपाळच्या सुमारे साडेतीनपट.

सीमारेषाही बघून घ्या. आपल्या ३२,८७,२६३ चौरस किलोमीटरमध्ये पाकव्याप्त काश्मीर आणि अक्साई चिन धरलेले असतात. परदेशातून उतरवलेल्या कित्येक फाइलींत ते नसतात. वगळलेला हा भाग जवळजवळ सगळा पहाडीच, त्यामुळे भारताची टक्केवारी उगाच खाली येते.