माळावरची यलो पॅन्सी कमी होतेय का? मोजायचं तर असं मोजा

सासवड-सुपे पट्ट्यातल्या माळावर दर ऑक्टोबरला कुणी तरी भेटतं आणि म्हणतं, "पूर्वी केवढी फुलपाखरं असायची हो इथं!" असतीलही. पण पूर्वी म्हणजे किती, ते कुणाच्याच वहीत नसतं. नेटवरच्या फोटोंवरून घट सांगणाऱ्यांचं तर ऐकूच नका. त्यातून फार तर त्या वर्षी कॅमेरे घेऊन किती लोक फिरले एवढं कळतं.

फुलपाखराची एकच जात धरा. मी यलो पॅन्सी धरली आहे. उघड्या, कोरड्या माळावर राहते, पंख पसरून जमिनीवर बसते, नराच्या मागच्या पंखावरचा निळा ठिपका चुकत नाही. अळी कोरांटीवर वाढते, त्यामुळे कोरांटीची झुडपं कुठे आहेत तेही टिपता येतं.

पद्धत बसवलेली आहे, नवी काढायला जाऊ नका. इंग्लंडात अर्नी पोलार्ड या फुलपाखरांच्या अभ्यासकानं सत्तरच्या दशकात ती घालून दिली आणि १९७६ पासून ब्रिटनभर तिच्यावरच मोजणी चालते. ठरलेल्या वाटेनं संथ चालायचं. डाव्या-उजव्या बाजूला अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्यात दिसेल ते मोजायचं, बाहेरचं सोडायचं. एक किलोमीटर पुरे. शंभर-शंभर मीटरचे दहा टप्पे पाडा आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहा. त्यांच्या तापमानाच्या अटी मात्र तिथेच राहू द्या. ते १३ अंशांखाली मोजत नाहीत. आपल्याला दुपारचं ऊन सांभाळावं लागतं. सकाळी नऊ ते अकरा, लख्ख ऊन आणि कमी वारा असताना, आठवड्यातून एकदा.

खरी गोम वाट आखण्यात आहे. सगळे सांगतात, "जिथे भरपूर दिसतात तिथून सुरुवात करा." हा सल्ला साफ चुकीचा आहे. एखाद्या वर्षी एखादा तुकडा भरात असतो: पाऊस नेमका झालेला, कोरांटी तरारलेली, गुरं फिरकलेली नसतात. तोच तुकडा निवडलात तर पुढच्या वर्षी आकडा बहुधा खालीच येणार, कारण तुम्ही सुरुवातच शिखरावरून केली. पुऱ्या माळावर काही बिघडलेलं नसतानाही तुमच्या वहीत घट दिसेल. म्हणून नकाशावर सरळ रेघ ओढा. ती चराऊ गवतातून, खडकाळ पट्ट्यातून, बांधाशेजारून, जिथून जाईल तिथून जाऊ द्या. मधला तुकडा भकास असला तरी चालेल.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, आणि ती जास्त महागात पडली. तिसऱ्या वर्षी माझ्या वाटेच्या सातव्या टप्प्यात ओळीनं गिरिपुष्पाची रोपं लागली. पुढच्या हंगामापर्यंत तिथे सावली पडायला लागली, फुलपाखरं दिसेनात. मला कंटाळा आला. वाट चाळीसेक पावलं बाजूला, मोकळ्या गवतात सरकवली. आकडे पुन्हा छान यायला लागले आणि मी खूशही झालो. दोन वर्षांनी वही चाळताना लक्षात आलं, की जी घट टिपायला दर आठवड्याला चपला झिजवत होतो, तीच मी हातानं पुसली होती. मधल्या दोन वर्षांचे सातव्या टप्प्याचे आकडे आज कुठूनही मिळणार नाहीत. तेव्हा झाडं लागोत, नांगर फिरो, गवत पेटो, वाट हलवायची नाही. पाय ठेवणंच अशक्य झालं तर तारीख घालून तो टप्पा बंद करा आणि नवी वाट नव्या नावानं सुरू करा.

शून्य लिहा. रिकामी जागा आणि शून्य एक नव्हे. रिकामी जागा म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत.

चालताना मागे वळायचं नाही, फोटोसाठी थांबायचं नाही. पॅन्सी पायवाटेवरून उडून पुढे जाऊन पुन्हा बसते. नजरेनं पाठलाग करा, नाहीतर एकच तीनदा मोजाल.

आकड्यांवर बोलायची घाई नको. २०१८ मध्ये दुष्काळ होता, २०१९ मध्ये पावसानं झोडपलं. अशी दोनच वर्षं शेजारी ठेवली तर काहीही सिद्ध करता येतं. पावसाळ्यानंतरचे तेच आठवडे त्याच आठवड्यांशी ताडून पाहा, तेही किमान आठ-दहा वर्षांचे. आधी टप्प्याटप्प्यानं बघा, बेरीज नंतर. दहाही टप्पे एकदम खाली आले असतील तर पावसाची नोंद काढा. एकच टप्पा खाली येऊन तिथेच राहिला असेल तर त्या जागेवर जाऊन उभे राहा आणि कोरांटी मोजा.